शाळेचा पैसा कोर्टातून मिळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळणारं छप्पर, रिकामी शिक्षकांची पदं, खासगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांवर मोफत शिकणाऱ्या गरीब मुलांच्या फीचा सरकारकडे अडकलेला परतावा, बंद पडलेलं स्वच्छतागृह. गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून मंत्रालयापर्यंत अर्ज देऊन झाले की कोणीतरी म्हणतंच, “आता कोर्टातच जाऊ.” जाण्याआधी पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि शिक्षक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कायदा भारताचा, उदाहरणं जमतील तितकी महाराष्ट्रातली. तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणी ठाम सल्ला देऊ शकत नाही, तेव्हा वकील लागेलच. निदान त्यांच्यापुढे काय ठेवायचं ते कळावं.

न्यायालय सरकारला “शाळेसाठी पैसे द्या” असं सांगू शकतं का?

हो, पण थेट नाही. राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याशिवाय एक रुपयाही काढता येत नाही, असं राज्यघटनेचं अनुच्छेद २६६ सांगतं. कोणत्या खात्याला किती द्यायचं ते विधिमंडळ ठरवतं. “शिक्षणावर आणखी हजार कोटी खर्च करा” अशी मागणी घेऊन गेलात तर पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती विचारतील, हे ठरवणारे आम्ही कोण?

न्यायालय सांगतं ते वेगळंच असतं. अमुक काम कायद्याने तुमच्यावर आहे, ते झालेलं नाही, अमुक तारखेपर्यंत करा. पैसा कुठून आणायचा ते तुमचं तुम्ही पाहा. यालाच परमादेश म्हणतात. काम पैशाविना होणार नसेल तर सरकारला पैसा उभा करावा लागतो. खाली आलेल्या बहुतेक यशांची वाट हीच आहे.

हा हक्क आला कुठून?

मूळ राज्यघटनेत अनुच्छेद ४५ होतं : राज्यघटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हतं. १९६० उलटून गेलं. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातून काढला. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१-क आलं, २००९ मध्ये शिक्षणहक्क कायदा झाला आणि दोन्ही १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. वयोगट सहा ते चौदा.

पैशाचा वाद मात्र त्याहून फार जुना. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं, की सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तेच करून दाखवलं, तेव्हा संस्थानाची तिजोरी काही ब्रिटिश सरकारपेक्षा मोठी नव्हती.

“निधी उपलब्ध नाही” हे सरकारचं उत्तर कोर्टात चालतं का?

सहा ते चौदा या वयोगटासाठी चालत नाही. उन्नीकृष्णन निकालाने रेषा आखून दिली आहे : चौदा वर्षांपर्यंत हक्क पक्का, त्यापुढचं शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीनुसार. १९९५ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या अनुदानित शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आर्थिक कुवत नाही या सबबीवर ही जबाबदारी टाळता येणार नाही.

त्याच वर्षीचा महाराष्ट्रातला निकाल मला जास्त उपयोगाचा वाटतो, आणि तो फार कमी जण उद्धृत करतात. राज्य सरकार इतर विद्याशाखांच्या खासगी महाविद्यालयांना अनुदान देत होतं, मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालयांना देत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने अनुदान द्यायला सांगितलं. सरकार पैशाची चणचण पुढे करत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई वशी या नावाने तो निकाल सापडेल. तो महाविद्यालयांचा आहे, शाळांचा नाही. तरी त्यातला युक्तिवाद शाळांना लागू पडतो, कारण तिथे मुद्दा रकमेचा नव्हता. एकाला देता आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्याला देत नाही, याचं कारण सांगा, एवढाच प्रश्न होता. एका तालुक्याला वर्गखोल्या मिळाल्या आणि शेजारच्या, तितक्याच गरजू तालुक्याला मिळाल्या नाहीत, असं कागदावर दाखवता आलं तर हाच प्रश्न तुम्हालाही विचारता येतो.

कायद्यातही तरतूद आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम ७ केंद्र आणि राज्य दोघांवर खर्चाची संयुक्त जबाबदारी टाकतं, आणि त्याच्या पोटकलम ५ नुसार केंद्राकडून आलेली रक्कम व स्वतःची साधनं लक्षात घेऊन अंमलबजावणीसाठी निधी पुरवण्याची जबाबदारी शेवटी राज्य सरकारची असते. याचिकेत हे पोटकलम जसंच्या तसं उतरवा.

दुसरी बाजूही माहीत असलेली बरी. एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने एका वेगळ्याच प्रकरणात केंद्राला सुनावताना शिक्षणहक्क कायद्याचंच उदाहरण दिलं : हक्क निर्माण केलात, पण शाळा कुठे आहेत, शिक्षक कुठून आणणार? खर्चाचा अंदाज न घेता कायदे करू नका, असा त्याचा रोख होता. तुमच्यासमोरचे न्यायमूर्ती याच बाजूने विचार करत असतील, हे धरून चाला.

केंद्राने पैसे दिले नाहीत असं राज्य म्हणतं, राज्याने हिशोब दिला नाही असं केंद्र म्हणतं. आम्ही कोणाला धरायचं?

दोघांना प्रतिवादी करा, पण मागणी राज्याकडे करा.

समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या केंद्र-राज्य योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. ईशान्येकडच्या व हिमालयातल्या राज्यांसाठी ९० आणि १०. तमिळनाडूने पीएम-श्री या नव्या शैक्षणिक धोरणाशी जोडलेल्या योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून केंद्राने त्या राज्याचा समग्र शिक्षेचा निधी रोखला. राज्याने मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३१ खाली (केंद्र-राज्य वादांसाठीचं कलम) दावा लावून व्याजासह सुमारे २,२९१ कोटी रुपये मागितले. दोन सरकारांच्या या भांडणात त्या वर्षीचे पंचवीस टक्क्यांचे प्रवेश अडकले. त्यावर जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोघांनाही त्यांची जागा दाखवली. केंद्राला सांगितलं, की शिक्षणहक्काच्या भागाचा पैसा नव्या शैक्षणिक धोरणाशी बांधायची गरज नाही. राज्याला सांगितलं, की केंद्राचा पैसा आला नाही हे कारण सांगून शाळांचा परतावा थांबवता येत नाही.

तो निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. पण दाखवायला हरकत काय?

पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळाला. आता शाळा म्हणते सरकारकडून परतावा आला नाही, फी तुम्हीच भरा. भरायची का?

नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) खाली प्रवेश मिळालेल्या मुलाचं शिक्षण मोफत आहे, आणि परतावा हा शाळा व सरकार यांच्यातला व्यवहार आहे. सरकारने थकवलं तर शाळेने सरकारवर याचिका करावी. मुलाला वर्गाबाहेर बसवणं, निकाल अडवणं, पालकांच्या ग्रुपवर नावं टाकणं हे तिचे उपाय नव्हेत.

शाळांची बाजू मात्र खोटी नाही. कलम १२(२) नुसार सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढा, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम द्यायची असते. महाराष्ट्रात अनेक वर्षं हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये धरला गेला; कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला. एवढी कमी रक्कमही वेळेवर येत नाही, हप्ते वर्षानुवर्षं रखडतात. छोट्या गावातली, फीवर चालणारी इंग्रजी शाळा यात खरोखर अडचणीत येते. तिने याचिका केली तर ती तुमच्या विरोधातली समजू नका. तिला पैसा मिळाला तर तुमच्या मुलाची जागाच पक्की होते.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या शाळेला सवलतीत जमीन, इमारत किंवा इतर सुविधा मिळाल्या आहेत आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचं बंधन आधीपासून आहे, तिला तेवढ्या मुलांचा परतावा मागता येत नाही. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना हे कलमच लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं, आणि २०१४ मध्ये प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही कायद्याबाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दल शंका घेऊन तो मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलला होता, त्याचं काय झालं?

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने ठरवलं, की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांचं बंधन नाही. शहरांत तर कुठलीही शाळा घ्या, एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा सापडणारच. म्हणजे शहरी गरीब मुलांसाठी तरतूद जवळजवळ संपली. परताव्याचा बोजा टाळायचा हाच यामागचा हेतू, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. मीही त्यांतलाच.

मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियमाने कापता येत नाही, हा त्यातला गाभा. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

न्यायालयाने या प्रकरणात कुठेही “अमुक कोटी द्या” असं म्हटलं नाही, तरी खर्चाची आख्खी जबाबदारी सरकारच्या अंगावर परत आली. पैसा मिळवण्याइतकाच, असलेला हक्क काढून घेऊ न देणं हाही कोर्टाचा उपयोग आहे. खरं तर हेच काम न्यायालय जास्त सहज करतं.

आमची शाळा विनाअनुदानित आहे. अनुदान हा आमचा हक्क आहे का?

नाही. उत्तर प्रदेशातल्या एका इंटर कॉलेजच्या (बारावीपर्यंतच्या शाळेच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की अनुदान मिळणं हा मूलभूत हक्क नाही. अनुदान द्यायचं की नाही, कोणत्या अटींवर द्यायचं हे धोरण आहे. पण एकदा धोरण जाहीर केलं की ते मनमानी पद्धतीने राबवता येत नाही. महाराष्ट्रात २००१ चं ‘कायम विनाअनुदानित’ धोरण, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढणं आणि मग अनुदानाचे वीस-वीस टक्क्यांचे टप्पे, हा सगळा प्रवास आझाद मैदानावर आंदोलनाला बसणाऱ्या शिक्षकांना पाठ आहे. मूल्यांकनात पात्र ठरलेली शाळा यादीतून का वगळली, असं विचारणारी याचिका उभी राहू शकते. ‘आम्हाला शंभर टक्के द्या’ ही मागणी कोर्टात टिकणं कठीण.

कोर्टाच्या आदेशामुळे खरोखर पैसा आला, असं एक तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि ते तुमच्या शाळेत रोज दुपारी शिजतं.

१९९५ मध्ये केंद्राने शालेय पोषण आहाराची योजना आणली. तीत शिजवलेलं जेवण अपेक्षित होतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रासह अनेक राज्यं मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी देऊन मोकळी होत. शिजवण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न अधांतरी होता. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ आणि सरकारी गोदामांत धान्याच्या थप्प्या अशी स्थिती असताना पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने सांगितलं : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण, त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं.

राज्यांनी पैसे नाहीत म्हणून हात वर केले. न्यायालयाने आदेश मागे घेतला नाही. मे २००२ मध्ये पाहणीसाठी आयुक्त नेमले. ते राज्याराज्यांतून अहवाल देत राहिले. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने शिजवण्याच्या खर्चालाच हात घातला : हा खर्च कुठल्याही परिस्थितीत मुलांकडून किंवा पालकांकडून घ्यायचा नाही आणि केंद्राने त्यासाठी तरतूद करावी. त्याच वर्षी केंद्राच्या योजनेत दर मुलामागे दर दिवशी एक रुपया शिजवण्याच्या खर्चासाठी आला. रक्कम किरकोळ होती, पण खर्चाला अर्थसंकल्पात जागा मिळाली, आणि एकदा मिळालेली जागा सहसा जात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ती कायद्यात नेली. आज हीच योजना पीएम-पोषण नावाने चालते.

हे का जमलं? आदेशात मोजता येणारे आकडे होते. पाहणारी माणसं नेमलेली होती. आणि प्रकरण निकाली काढून न टाकता न्यायालय वर्षानुवर्षं अंतरिम आदेश देत राहिलं. तुमची याचिका गावच्या एका शाळेपुरती असली तरी या तीन गोष्टी तिला लागू पडतात.

आणि न जमलेलं?

भरपूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सहा महिन्यांत देशातल्या सगळ्या शाळांत पिण्याचं पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं करायला सांगितलं. स्वच्छतागृहं बऱ्याच ठिकाणी बांधली गेली. त्यांना पाणी कोण देणार, रोज साफ कोण करणार, याचा खर्च अनेक शाळांत कोणीच धरला नाही. म्हणून कुलूप लागलेलं स्वच्छतागृह हे दृश्य आजही अनोळखी नाही. बांधकामाचा पैसा एकदाच लागतो, देखभालीचा दरवर्षी. याचिकेत दुसरा मागायचा राहून जातो.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच गेली पाहिजेत, असा आदेश दिला होता. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला. पुढे काय झालं ते उत्तर प्रदेशातल्या कुठल्याही पालकाला विचारा.

याचिका न करता न्यायालय स्वतःहून दखल घेतं का?

क्वचित. जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने ती जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतली. या मुलींची अडचण शाळेच्या इमारतीची नव्हतीच. वाटेची होती, आणि वाटेचा पैसा शिक्षण खात्याकडे नसतो. सार्वजनिक बांधकाम, ग्रामविकास, जलसंपदा, वन अशी खाती त्यात येतात. म्हणून प्रतिवादी ठरवताना फक्त शालेय शिक्षण विभागावर थांबू नका. नाहीतर पहिल्या तारखेला सरकारी वकील सांगतील, “हा विषय आमच्या खात्याचा नाही.”

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असा आदेश मागता येईल का?

नाही. सहा टक्के हा कोठारी आयोगाने सुचवलेला आकडा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तो पुन्हा म्हटला. पण तो राज्यघटनेत नाही, शिक्षणहक्क कायद्यातही नाही.

असता तरी प्रश्न सुटला असता का? इंडोनेशियाचं पाहा. २००२ मध्ये त्यांनी राज्यघटनेतच लिहिलं, की अर्थसंकल्पातले किमान २० टक्के शिक्षणावर खर्च झाले पाहिजेत. २००६ चा अर्थसंकल्प ९.१ टक्क्यांवर होता. लोक घटना न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षकांचे पगार या २० टक्क्यांत धरायला मान्यता दिली, आणि ऑगस्टमध्ये २००९ च्या अर्थसंकल्पाची शेवटची मुदत घालून दिली. २००९ मध्ये आकडा गाठला गेला. त्यातला किती पैसा नवा होता आणि किती फक्त दुसऱ्या रकान्यातून या रकान्यात आला, यावर तिथे आजही वाद आहे. टक्केवारीच्या मागे लागण्यात मला म्हणूनच फारसा अर्थ दिसत नाही.

दुसऱ्या देशांत काय अनुभव आहे?

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतातल्या सात मातीच्या शाळांसाठी २०१० मध्ये याचिका झाली. निकालापर्यंत न जाता फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तडजोड केली आणि त्या सातच नव्हे, तर देशभरातल्या अशा शाळांसाठी तीन वर्षांत ८.२ अब्ज रँडची हमी दिली. खूप छोटी, नेमकी मागणी, आणि निकालाच्या भीतीपोटी आलेला मोठा पैसा.

न्यूयॉर्कचा अनुभव उलटा. १९९३ मध्ये दावा झाला, २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये रक्कम वर्षाला किमान १.९३ अब्ज डॉलर ठरली, २००७ मध्ये अनुदानाचं सूत्र आलं, मंदीत ते गोठलं. पूर्ण निधी टप्प्याटप्प्याने देण्याचं राज्याने कबूल केलं ते २०२१ मध्ये. दावा झाला तेव्हा पहिलीत असलेली मुलं तोवर तिशी ओलांडून गेली होती.

कोर्टात जाण्याआधी काय करावं?

लेखी मागणी. परमादेश मागताना “तुम्ही सरकारकडे मागितलं होतं का, त्यांनी काय उत्तर दिलं?” हा प्रश्न येतोच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करा. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला फोटो पुरावा म्हणून फार लंगडा.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि चार गोष्टी मागा : शाळेची गेल्या तीन वर्षांची यू-डायस माहिती (शाळा दरवर्षी सरकारकडे भरते ती), संचमान्यता (पटानुसार मंजूर शिक्षकपदं), तुमच्या कामाच्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) जिल्ह्याला मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च. शेवटच्या दोन आकड्यांत तफावत दिसली तर निम्मी लढाई तिथेच झाली. मार्च अखेरीला पैसा परत गेला आणि छप्पर गळतंच आहे, असं सरकारच्याच कागदावरून सिद्ध झालं की “निधी नाही” हे उत्तर द्यायला सरकारी वकीलही धजत नाहीत.

याचिकेत नेमकं काय मागायचं?

मोजता येईल ते. ‘दर्जेदार शिक्षण द्या’ असं लिहिलंत तर सरकार दर्जेदार शपथपत्र देईल.

शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची (शाळेत किमान काय असावं याची यादी) समोर ठेवा आणि शाळेशी ताडून पाहा. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, अपंग मुलांना अडथळ्याविना ये-जा, खेळाचं मैदान, कुंपण. पहिली ते पाचवीसाठी पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे किमान एक. हे पूर्ण करण्यासाठी शाळांना दिलेली तीन वर्षांची मुदत ३१ मार्च २०१३ लाच संपली, हेही याचिकेत असू द्या.

ताडून पाहणं महत्त्वाचं आहे, कारण आपली तक्रार कधीकधी कायद्यात बसत नाही. पाच वर्ग आणि दोनच शिक्षक हे कोणालाही चुकीचं वाटतं. पण पट ४५ असेल तर कायद्याने दोनच शिक्षक देय आहेत. तिथे ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहिलीत तर बाकीच्या खऱ्या मागण्याही कमकुवत होतात.

मग प्रत्येक मागणीपुढे तीन गोष्टी लिहा : कोणी करायचं, किती दिवसांत, आणि झालं हे कोण तपासणार. अंदाजपत्रक मिळालं तर जोडा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याने आधीच केलेलं असलं तर फारच उत्तम, कारण तो सरकारचाच आकडा. कलम २२ खाली शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि त्यावर अनुदानाचं नियोजन व्हायचं असतं. बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापक एकटेच बसून भरतात. यंदाचा तुम्ही नीट करा. उद्या तोच तुमचा मुख्य दस्तऐवज असेल.

याचिका कोणी करायची? शिक्षक करू शकतात का?

पालकांनी केलेली सगळ्यात चांगली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांतल्या चार-पाच जणींनी स्वतःच्या नावाने सही करावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना सेवानियम आड येतात, शिवाय सेवाविषयक प्रश्नांवर जनहित याचिका चालत नाही. पगार, वेतनश्रेणी, समायोजन यासाठी शिक्षकाने स्वतःची स्वतंत्र याचिका करावी. दोन्ही एकत्र केल्या की न्यायालयाला वाटतं, मुलांच्या नावाने पगाराचं भांडण आलंय.

कुठे जायचं आणि खर्च किती?

मुंबई उच्च न्यायालयाची मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे पीठं आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याखाली येतात. वकिलाच्या फीचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. वर महिलांनी सह्या कराव्यात म्हटलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

आदेश आमच्या बाजूने लागला, पण विधानसभेने पैसाच मंजूर केला नाही तर?

न्यायालयाने ठरावीक रकमेचा निकाल दिला असेल, उदाहरणार्थ थकीत परतावा, तर अनुच्छेद २०२ नुसार तो खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. भारित खर्चावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणजे तो नाकारण्याचा मार्गच उरत नाही. ‘वर्गखोल्या बांधा’ अशा आदेशाला हे सरळ लागू होत नाही. तिथे खात्याला नेहमीच्या वाटेने तरतूद करावी लागते. म्हणून जमेल तिथे मागणी रुपयांत मांडा.

आदेशानंतर काय करायचं?

आदेशाची प्रमाणित प्रत काढून प्रत्येक प्रतिवादीला पोच घेऊन द्या. मग अर्थसंकल्पाचं वेळापत्रक पाहा. शासनात पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळा संपता संपता तयार होऊ लागतात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, मार्चमध्ये मुख्य अर्थसंकल्प. तुमचा आदेश सप्टेंबरमध्ये हातात आला तर डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत तो धरला जावा म्हणून शिक्षण संचालकांना लगेच पत्र द्या. स्थानिक आमदारांनाही द्या. पक्ष कोणता ते बघू नका. आदेश एप्रिलमध्ये आला आणि तुम्ही थांबलात, तर पुढची संधी येईपर्यंत महिने जातात.

मुदत उलटली तर अवमान याचिका. ती एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि तारखांच्या गडबडीत हे वर्ष कधी संपतं ते कळत नाही. त्याआधी, मूळ प्रकरण निकाली निघालं नसेल तर, त्यातच अर्ज करून दर तीन महिन्यांनी पालन-अहवाल मागून घेणं बरं पडतं. अवमानात अधिकारी माफी मागून सुटतो. पालन-अहवालात त्याला लिहून द्यावं लागतं, की किती खोल्या झाल्या, किती राहिल्या आणि राहिलेल्यांचा पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे.